कयाक आणि कनू गाडीच्या टपावरून नेताना: वजनाच्या बेरजेपासून शेवटचा पट्टा सोडेपर्यंत

रस्त्याच्या कडेला उलटी पडलेली एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मी पाहिली आहे. तिच्यावरचे दोन्ही पट्टे घट्ट होते, बकलं लागलेली होती, आणि त्या पट्ट्यांत टपाचे दोन्ही बार (टपावर आडवे बसवलेले दांडे) अजून अडकलेले होते. बोट पट्ट्यांतून निसटलीच नव्हती. बार गाडीवरून सुटले आणि बोट त्यांच्यासकट उडाली. मागे दुसरी गाडी नव्हती म्हणून कोणाला इजा झाली नाही. बोटीचा मालक पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "पट्टे तर मी जीव खाऊन आवळले होते."

आवळले होते हे खरंच, पण बोट नुसत्या पट्ट्यांवर टिकत नाही. बोट पट्ट्यांना, पट्टे बारांना आणि बार टपाला धरून असतात. यातलं एक सुटलं की बाकीचे कितीही मजबूत असले तरी उपयोग नाही. म्हणून बोटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या दोऱ्या थेट गाडीच्या सांगाड्याला बांधायच्या असतात. बार निघून आले तरी बोट गाडीला धरून ठेवेल असा तो एकच दुवा असतो. त्या मालकाने नेमक्या त्याच बांधल्या नव्हत्या. "जवळच तर जायचंय" हे त्याचं कारण होतं.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बोट वर चढल्यानंतर बार तपासता येत नाहीत, आणि पट्टे आवळल्यानंतर बोट पुढेमागे सरकवता येत नाही.

## १. आधी वजनाची बेरीज

टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. लहान गाड्यांना बहुतेक वेळा ५० ते ७५ किलो, मोठ्यांना १०० किलोच्या आसपास. आपल्याला हवा तो चालत्या गाडीचा आकडा. काही पुस्तिकांत उभ्या गाडीसाठी वेगळा, बराच मोठा आकडा असतो. टपावर तंबू लावून झोपणाऱ्यांसाठी तो दिलेला असतो, बोट नेण्यासाठी तो धरायचा नाही.

बारांची आणि कॅरिअरची (बारावर लावलेल्या, बोट बसवायच्या आधाराची) मर्यादा त्यांच्या त्यांच्यावर लिहिलेली असते. टप, बार आणि कॅरिअर या तिघांत जो सर्वांत कमी भार सोसतो, त्याच्या आकड्याने चालायचं. बार आणि कॅरिअर यांचं स्वतःचं वजनही टपाच्या हिशेबात येतं, आणि बेरीज चुकते ती इथेच.

एक हिशेब करून पाहू. टपाची मर्यादा ७५ किलो, बार ६ किलो, दोन बोटींचे कॅरिअर मिळून ९ किलो. उरले ६० किलो. प्रत्येकी २५ किलोच्या दोन कयाक ५० किलोत बसतात. मासेमारीच्या रुंद, उघड्या कयाक ४५ किलोच्या असतील तर त्या टपावर एकच जाईल, दुसरीला वेगळी सोय लागेल.

अंदाज हवा असेल तर, १० ते १२ फुटी साधी प्लास्टिकची कयाक १८ ते २५ किलो भरते, १६-१७ फुटी सागरी कयाक २२ ते ३० किलो. १६ फुटी कनू (वरून उघडी होडी) केव्लारची, म्हणजे हलक्या पण मजबूत धाग्याची, असेल तर २० किलोच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ३० च्या पुढे. पण अंदाजावर थांबू नका. बोट उचलून घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करा.

## २. बार: खरी मेहनत इथे

दोन बारांत जितकं जास्त अंतर, तितकी बोट स्थिर. साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नये, आणि लांब बोटीला शक्य तेवढं जास्त द्यावं. बार जवळजवळ असले की बोट त्यांच्यावर सी-सॉसारखी डोलते, आणि प्रत्येक डोलण्यासरशी पट्टा थोडाथोडा ढिला होतो. मात्र प्रत्येक गाडीला बार कुठे बसवायचे याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या सोडून आपल्या सोयीने बार सरकवू नका.

बार बसवण्याआधी दाराची चौकट किंवा टपावरची रेलिंग ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाण्यावर जाणाऱ्या गाडीच्या फटींत रेती असतेच. पकडीखाली ती राहिली की पहिल्या काही किलोमीटरांत खाली बसते आणि घट्ट वाटणारी पकड सैल होते. बारांचे चारही पाय (टपाला पकडणारे भाग) बसवून झाले की स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नका. चौघांनाही थोडं थोडं, आळीपाळीने आवळत जा. बारासोबत जोर मोजणारी चावी आली असेल तर तीच वापरा.

तपासा: बार दोन्ही हातांनी धरून जोरात पुढेमागे आणि वरखाली हलवा. बारासोबत अख्खी गाडी हलली पाहिजे. बार टपावर जरासाही सरकला, किंवा "टक" असा आवाज आला, तर तो सोडून पुन्हा बसवा. कायम लावून ठेवलेल्या बारांचीही प्रत्येक प्रवासाआधी हीच परीक्षा घ्यायची. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीवरचे बार कित्येक महिन्यांपूर्वी बसवलेले होते.

बारच नसतील तर? फोमचे ठोकळे किंवा हवा भरायच्या गाद्या टपावर ठेवून, पट्टा गाडीच्या आतून घेऊन बोट बांधता येते. हलकी बोट, थोडं अंतर आणि कमी वेग असेल तेव्हाच हे करा. पट्टा दारं उघडी ठेवून आतून घ्या. खिडकीतून घेतलात तर दारं बांधली जातील आणि आत शिरता येणार नाही. पावसात पट्ट्याच्या कापडातून पाणी झिरपत आत येतं, तेही ध्यानात असू द्या. टपाचा मोठा भाग काचेचा असेल तर हा प्रकार करूच नये.

## ३. बोट कशी बसवायची ते ठरवा

कनू उलटी घालायची, तिचे दोन्ही काठ थेट बारांवर टेकवून. काठ हा कनूचा सर्वांत मजबूत भाग असतो. काठाला बसणारे खाचेचे फोम मिळतात. ते घातले की बोट घसरत नाही आणि बारावर काठाचे ओरखडेही उठत नाहीत.

प्लास्टिकची कयाक कुशीवर ठेवली की सर्वांत ताठ राहते, म्हणून इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे कॅरिअर तिला चांगले. ते नसतील तर उलटी ठेवा. नुसत्या बारावर पाण्यात असते तशी सुलटी ठेवून पट्टे आवळले, की उन्हाने मऊ पडलेला सपाट तळ बारावर दबतो आणि तिथे कायमची खळगी पडते. अशी बोट पाण्यात एका अंगाला ओढू लागते. सुलटीच न्यायची असेल तर तळाच्या आकाराचे खोलगट सॅडल बारावर लावा.

फायबरच्या किंवा लाकडी कयाकला तर सॅडल किंवा कुशीचा कॅरिअर हवाच. तिचं कवच दाबाने वाकत नाही, तडकतं. पट्टे शक्यतो आतल्या आडभिंतींच्या वर येतील असे ठेवा, तिथे बोट सर्वांत जास्त दाब सोसते. हवेची कयाक असेल तर हवा काढून गाडीच्या आत न्या. फुगवलेली बोट टपावर बांधली तर उन्हाने आतला दाब वाढतो, आणि गार वारा लागला की बोट आक्रसून पट्टे सैल पडतात.

## ४. पट्टे आणि दोऱ्या पारखून घ्या

प्रत्येक बोटीला २५ मिलिमीटर रुंदीचे कॅम बकलचे (हाताने ओढलेला पट्टा दातांनी पकडून ठेवणाऱ्या बकलचे) दोन पट्टे लागतात. लांबी साडेतीन ते पाच मीटर; बोट रुंद असेल किंवा कुशीवर ठेवायची असेल तर जास्त लांब घ्या. बकलाखाली रबराची किंवा कापडाची गादी असलेली बरी. शिवाय टोकांसाठी ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या, न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉन भिजला की ताणतो. कोरडा असताना घट्ट बांधलेला नायलॉनचा पट्टा पहिल्याच सरीत ढिला पडतो.

सावध: रॅचेटचा, म्हणजे मूठ पुढेमागे करून आवळायचा, पट्टा नको. त्याच्या मुठीत इतकी ताकद असते की हाताला कळायच्या आत बोट चिरते. हे काम कॅम बकलवर हाताने ओढूनच करायचं, कारण किती ओढलं हे हातालाच समजतं.

सावध: टोकांना हुक असलेल्या रबरी दोरीने बोट कधीच बांधू नये. ताणणं हा तिचा स्वभाव आहे, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ती बोटीला उचलू देते.

जुना पट्टा हाताच्या बोटांतून संथपणे ओढून पाहा. रंग उडालेला, तंतू फुललेले, कड कापली गेलेली अशी जागा लागली तर पट्टा फेकून द्या. तो तसाच ठेवलात तर घाईच्या वेळी कोणीतरी तोच उचलेल. बकलाची स्प्रिंग रेतीने अडकत असेल तर गोड्या पाण्याने धुवा. दात पूर्ण मिटत नसलेलं बकल पकडल्यासारखं भासतं आणि रस्त्यात सोडून देतं.

## ५. बोट रिकामी करा

आतलं पाणी पूर्ण काढा. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते पाणी ब्रेक मारल्याबरोबर पुढच्या टोकाला धावतं. निचऱ्याचं बूच काढून बोट तिरकी धरा. वल्ही, जॅकेटं, बाटल्या, सुटणारी बैठक, कापडी झाकणं सगळं गाडीच्या आत जाऊ द्या. बैठक चिकटपट्टीने बसवलेली असली तरी काढा. उलट्या बोटीतून ती वाऱ्याने ओढून निघते. सुकाणू काढता येत असेल तर काढा, नाहीतर वर घडी करून बांधा.

हवाबंद कप्पे असतील तर एखादं झाकण किंचित सैल ठेवा, किंवा आडभिंतीला बारीक छिद्र आहे का पाहा. उन्हात आतली हवा फुगते आणि घाट चढताना बाहेरचा दाब कमी होतो. दोन्हींचा ताण झाकणांवर आणि सांध्यांवर येतो. सैल ठेवलेलं झाकण दोरीने बोटीला अडकवलेलं असावं.

## ६. वर चढवणे

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, अँटेना काढून ठेवा. वारा असेल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. आडवा वारा आला तर हातातली बोट शिडासारखी वागते, आणि मग माणूस बोटीला नेत नाही, बोट माणसाला नेते.

दोघं असाल तर दोन टोकांना उभे राहा. टोकाच्या मुठींना धरून उचलू नका, मुठीत बोट फिरते. अंग धरा, म्हणजे एक हात तळाखाली आणि एक वरून. गुडघ्यांत वाकून कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग टपावर, अशा तीन टप्प्यांत उचला. प्रत्येक टप्प्याआधी एकाने मोठ्याने बोलायचं. दोघांपैकी हुकूम कोणाचा हे आधीच ठरलेलं असलं की बोट हातातून सुटत नाही.

एकट्याने चढवायचं तर मागून. गाडीच्या मागच्या कडेवर रबरी पाठीचं पायपुसणं किंवा जाड टॉवेल पसरा. बोट गाडीच्या मागे, तिच्याच रेषेत ठेवा. पुढचं टोक उचलून टॉवेलवर टेकवा, मग मागे जाऊन मागचं टोक उचला आणि बोट ढकलत पुढे न्या. अशा वेळी बोटीचं अर्धंच वजन हातात येतं. घाई झाली की लोक मागचं टोक जमिनीवर खरवडत ढकलतात. तळाचं प्लास्टिक प्रत्येक फेरीला थोडं थोडं झिजतं आणि एक दिवस तिथूनच पाणी येऊ लागतं. टोकाखाली फोमचा तुकडा ठेवा.

ज्यांची पाठ किंवा खांदा आधीच दुखावलेला आहे त्यांनी ३० किलोच्या वरच्या बोटीला एकट्याने हात घालू नये. मागे लावायचे रोलर किंवा खाली येणारे कॅरिअर मिळतात. तेही नसतील तर किनाऱ्यावरच्या कोणाला तरी हाक मारा. पाण्यावर येणारी माणसं अशा हाकेला नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

बोट वर आली की ती मधोमध आहे का, आणि तिचा तोल दोन बारांच्या मध्ये येतो का, ते पाहा. पुढचं टोक गाडीच्या पुढच्या बाजूला. आता मागचं दार उघडून पाहा. ते बोटीवर आपटत असेल तर बोट पुढे सरकवायची संधी याच क्षणी आहे.

## ७. पट्टे

पुढच्या बारापासून सुरू करा. ही वाट एकदा हातात बसली की विसरत नाही.

बकलाचं टोक हातात ठेवा आणि मोकळं टोक बोटीवरून पलीकडे टाका. बकल कधीही भिरकावू नका, त्याने काचही फुटते आणि पलीकडच्या माणसाचं डोकंही. पलीकडे जा, ते टोक बाराखालून घ्या आणि परत बोटीवरून अलीकडे टाका. अलीकडे या, टोक बाराखालून घ्या आणि वर आणून बकलात ओवा. आता बोटीवरून पट्ट्याचे दोन पदर गेलेले असतील आणि दोन्ही बाजूंनी बार त्यात आलेला असेल. बकल बोटीच्या कुशीला यावं. ते बारावर टेकलं तर आवळताना अडतं.

पट्टा बाराखालून जातो ती जागा बोटीला अगदी लागून हवी. लांब, बाराच्या टोकाकडे असेल तर पट्टा बोटीला फक्त खाली दाबतो. लागून असेल तर आडवं सरकणंही थांबवतो. आणि पट्टा नेहमी बाराच्या दोन पायांच्या आतच असू द्या. पायाच्या बाहेरून घेतलेला पट्टा बाराच्या टोकावरून निसटू शकतो. J आकाराच्या कॅरिअरला पट्ट्याची वाट त्याच्या पुस्तिकेत दाखवलेली असते, ती पाळा.

बकलात पट्टा उलटा ओवला गेला तरी तो घट्ट झाल्यासारखा वाटतो. म्हणून ओवल्यावर त्याला उलट्या दिशेने हिसका द्या. दातांनी पकडलं नाही तर काढून पुन्हा ओवा.

आधी दोन्ही पट्टे नुसते ओढून बसते करा. बोट सरळ आहे का ते गाडीच्या पुढे उभं राहून पाहा, मगच आवळा. हाताने, सरळ खाली ओढा. पट्ट्याला लोंबकळू नका आणि पाय टेकवून जोर लावू नका. बोटीचा आकार बदलू लागला की थांबायचं. फायबरच्या बोटीला त्याच्याही अलीकडे.

उरलेलं टोक बकलाच्या मागे, पट्ट्याच्या पदरांभोवती दोन गाठी मारून बांधा. बकल कधी सुटलंच तर ही गाठ पट्ट्याला जागेवर रोखते. मोकळी शेपूट फडफडत ठेवू नका. फडफडणाऱ्या कापडाचे तंतू एका प्रवासात सुटतात आणि ते रंगावर चाबकासारखं आपटत राहतं. बोट आणि बार यांच्या मधल्या मोकळ्या पदराला एक पीळ द्या, म्हणजे पट्ट्याचं घोंघावणं थांबतं. पीळ बकलात मात्र नको.

दोन बोटी असतील तर प्रत्येकीला स्वतःचे दोन पट्टे. दोन्हींवरून एकच पट्टा घेतला तर एक बोट जराशी सरकली तरी दोन्ही मोकळ्या होतात. ही चूक मी वारंवार पाहतो, आणि करणारा प्रत्येक जण पट्टा वाचवल्याचं समाधान मानत असतो.

तपासा: बोटीचं टोक धरून डावीउजवीकडे जोरात हलवा. बोटीबरोबर गाडी झुलली पाहिजे. बोट बारावर सरकत असेल तर नुसतं आणखी आवळू नका. पट्टा चुकीच्या वाटेने गेलाय का ते आधी पाहा, बहुतेक वेळा तसंच असतं.

## ८. टोकाच्या दोऱ्या

हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. म्हणून इथे थोडं थांबू.

अचानक ब्रेक लागला की २५ किलोची बोट सुमारे २० किलोच्या जोराने पुढे धावू पाहते. समोरून येणारा वारा पुढचं टोक वर उचलतो आणि आडवा वारा ते बाजूला ढकलतो. मधल्या दोन पट्ट्यांपासून टोक पाच-सहा फूट लांब असतं, आणि एवढ्या लांबीची तरफ पट्ट्यांना आणि बारांच्या पायांना जागेवरून हलवते. दोऱ्या ही तरफ टोकालाच रोखतात.

गाडीवर बांधायची जागा धातूची, सांगाड्याला जोडलेली हवी. गाडी ओढून न्यायची कडी उत्तम. अनेक गाड्यांत ती हत्यारांच्या पिशवीत असते आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे फिरवून बसवायची असते. काही कड्यांचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी दिशा पाहा आणि शेवटपर्यंत आवळा. कडी नसेल तर बॉनेटखालच्या बोल्टला कायमची बसवता येणारी पट्टीची फासं मिळतात. बॉनेट लावल्यावर त्यांची टोकं बाहेर राहतात, आणि काम झालं की आत सारून ठेवता येतात.

सावध: प्लास्टिकचा बंपर, नंबरप्लेट, जाळी, चाकाचा आस, किंवा चाकाबरोबर वरखाली होणारा कोणताही भाग यांना दोरी बांधू नका.

बोटीकडची जागाही तितकीच जपून निवडा. प्लास्टिकची लोंबती मूठ उन्हाने ठिसूळ झालेली असू शकते, आणि डेकवरची बारीक दोरी या कामासाठी नसते. टोकाशी आरपार भोक किंवा धातूचा आडवा दांडा असेल तर तिथून दोरी ओवा. काहीच खात्रीचं नसेल तर दोरीचा फास बोटीच्या अंगाभोवती घ्या, अशा जागी की तो टोकाकडून निसटणार नाही.

पुढे दोन दोऱ्या, उलट्या व्हीसारख्या: बोटीच्या टोकापासून गाडीच्या दोन बाजूंना. मागे एकही चालते, पण दोन असल्या तर उत्तम. पुढची आणि मागची दोरी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात ना ते बाजूला उभं राहून पाहा. दोन्ही एकाच दिशेला तिरक्या असतील तर बोट त्या दिशेला सरकेल.

बांधायला ट्रकवाले ओझं आवळताना मारतात ती गाठ घ्या. दोरीचं एक टोक बोटीला न सरकणाऱ्या फासाने बांधा. दोरीच्या मध्यावर एक छोटा फास करा. मोकळं टोक गाडीच्या कडीतून घेऊन वर आणा, त्या फासातून ओवा आणि खाली ओढा. ताण आला की ओवलेली जागा चिमटीत धरा आणि तिथेच दोन अर्ध्या गाठी मारा. या गाठीने हाताचा जोर दुपटीहून वाढू शकतो, म्हणून जपून. दोरी ताठ झाली की पुरे. टोक खाली वाकेपर्यंत ओढली तर बोट बारांवर कमानीसारखी ताणली जाते, आणि लांब फायबरच्या बोटीला तिथेच भेग पडते.

उरलेली दोरी गुंडाळून गाठीच्या वर पक्की बांधा. सुटलेलं टोक चाकाखाली आलं तर चाक दोरी गिळत जातं आणि क्षणार्धात बोटीचं टोक बॉनेटवर ओढलं जातं.

पुढच्या दोऱ्यांचा आणखी एक गुण आहे. गाडी चालवताना सतत दिसणारा बोटीचा भाग तोच. दोरी सैल होऊन थरथरू लागली की काहीतरी हललं आहे, एवढं समजून गाडी कडेला घ्या.

## ९. लांबी, उंची आणि निशाण

बोट मागे किती बाहेर येते ते टेपने मोजा. अनेक देशांत मागे १ मीटरपेक्षा जास्त बाहेर आलेल्या ओझ्याला दिवसा लाल कापड आणि अंधारात लाल दिवा लावावा लागतो. पुढे किती बाहेर चालतं यावरही मर्यादा असते. ज्या भागातून जाणार तिथला नियम निघण्याआधी वाचा. नियम नसला तरी लाल कापड लावा. मागून येणाऱ्याला बोटीचं बारीक टोक समोरून एका ठिपक्याएवढंच दिसतं.

जमिनीपासून बोटीच्या सर्वांत उंच भागापर्यंतची उंचीही मोजा. कुशीवर ठेवलेली बोट टपाच्या वर सहज अर्धा मीटरहून जास्त जाते. तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. बोटी मोडतात त्या वाहनतळाच्या कमी उंचीच्या कमानीत, बहुतेकदा परतताना, दमलेले असताना.

## १०. निघाल्यावर

पहिल्या १० ते १५ किलोमीटरांवर थांबायचंच. पट्टे बसतात, फोम दबतो, गाठी आवळतात. हे सगळं या पहिल्या टप्प्यात होतं. पट्टे, दोऱ्या आणि बारांचे चारही पाय हाताने तपासा. नुसतं बघून कळत नाही. त्यानंतर दर तासाने, आणि जोराच्या पावसानंतर लगेच.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून ११० वर गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. सोसाट्याच्या वाऱ्यात, लांब पुलावर आणि मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना वेग आधीच कमी करा. टपावर वजन असल्याने गाडी वळणावर जास्त झुकते आणि थांबायला जास्त अंतर घेते.

रणरणत्या उन्हात गाडी बराच वेळ उभी राहणार असेल तर प्लास्टिकच्या बोटीचे पट्टे थोडे ढिले करा. मुक्कामी रात्रभर ठेवायची असेल तरी तसंच. ढिले केलेत तर स्टिअरिंगला एक मोकळा पट्टा अडकवून ठेवा. सकाळी आवळायचं राहिलंय हे तो सांगेल.

## ११. पिकअप आणि ट्रेलर

पिकअपच्या हौद्यात बोट ठेवताना निम्म्याहून जास्त भाग आत हवा. एक-तृतीयांशाहून जास्त बाहेर नसला तर चांगलं. बोट लांब असेल तर मागे ट्रेलर ओढायच्या हुकवर बसणारा टी आकाराचा आधार लावा. वरून दाबणाऱ्या पट्ट्यांशिवाय एक दोरी बोटीच्या पुढच्या टोकापासून हौद्याच्या पुढच्या कड्यांना हवी. वेग घेताना किंवा चढावर बोट मागे घसरते, आणि नुसते वरून घेतलेले पट्टे तिला अडवत नाहीत.

ट्रेलरवर चढवणं सोपं, म्हणून जड बोटींना तोच बरा. निघण्याआधी दिवे, टायरची हवा आणि सुरक्षेची साखळी पाहा. मग मोकळ्या जागी गाडी पूर्ण वळवून बघा. लांब बोटीचं पुढे आलेलं टोक तीव्र वळणात गाडीच्या मागच्या कोपऱ्याला किंवा काचेला लागतं.

## १२. उतरवणे

पोहोचल्यावर सगळ्यांचे डोळे पाण्याकडे लागतात आणि हात भराभर चालतात. क्रम असा ठेवा: आधी टोकाच्या दोऱ्या सोडून गुंडाळा, मग मागचा पट्टा, शेवटी पुढचा. शेवटचा पट्टा सुटण्याआधी एकाचा हात बोटीवर हवा. J आकाराच्या कॅरिअरवरची बोट पट्टा सुटताच बाहेरच्या बाजूला कलंडू शकते. वारा असेल तर एका पट्ट्यावर बोट तशीच ठेवून सामान काढायला जाऊ नका.

उतरवण्याचे टप्पेही तेच, उलट्या क्रमाने: टपावरून खांदा, खांद्यावरून कंबर, मग जमीन. पट्टे रेतीत टाकू नका. बकल पिशवीत, दोऱ्या पिशवीत, पिशवी पुढच्या आसनावर. संध्याकाळी अंधारात परत बांधायचं असतं, तेव्हा दुसरा पट्टा शोधत बसायची वेळ यायला नको. खाऱ्या पाण्यावरून आला असाल तर घरी गेल्यावर बार, बकलं आणि कॅरिअरचे स्क्रू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.